सात या आकड्याची साक्ष

पश्चिमेला मादागास्कर आणि पूर्वेला रापा नुई, म्हणजे आपण ज्याला ईस्टर बेट म्हणतो ते. या दोन टोकांमध्ये पृथ्वीच्या घेराचा निम्म्याहून जास्त भाग येतो, आणि त्यातलं बहुतेक सगळं पाणी. या पाण्यातल्या बेटाबेटांवर पसरलेल्या बाराशेहून अधिक भाषा एकाच कुळातल्या आहेत. मलाय, जावानीज, तागालोग, मालागासी, फिजीयन, सामोअन, माओरी, हवाईयन ही त्यातली आपल्या कानावरून गेलेली काही नावं. बोलणारे तीस कोटींच्या वर. या कुळाला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात.

1999 साली रॉबर्ट ब्लस्ट या भाषावैज्ञानिकांनी या कुळाच्या दहा मूळ शाखा मांडल्या. वर घेतलेली सगळीच्या सगळी नावं त्यातल्या एकाच शाखेत मावतात. तिला मलायो-पॉलिनेशियन म्हणतात. उरलेल्या नऊ शाखा तैवानमध्ये आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. नऊ घरं भावकीच्या मूळ वाड्यातच राहिली, दहाव्याने दर्या धरला, आणि जगाला माहीत असलेला सगळा विस्तार त्या एका घराचा. तैवान किती मोठं, तर छत्तीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. महाराष्ट्राच्या आठव्या हिश्शाहूनही थोडं कमी.

जिथे शाखा जास्त, तिथे कूळ जास्त काळ नांदलेलं असणार, हा भाषांच्या अभ्यासातला जुना आडाखा आहे. त्यावरून आणि उत्खननातल्या पुराव्यावरून बहुतेक अभ्यासक आता मानतात, की शेती करणारे लोक चीनच्या किनाऱ्यावरून या बेटावर आले, इथे हजारभर वर्षं किंवा त्याहून अधिक राहिले, त्यांच्या भाषा इथेच फुटल्या, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी त्यातले काही होड्या घेऊन दक्षिणेला फिलिपाईन्सकडे गेले. पुढे पॅसिफिकमधली दूरदूरची बेटं त्यांच्या वंशजांनी वसवली.

मी नोकरीनिमित्त तैपेईत राहते. इथल्या मेट्रोत स्टेशनचं नाव चार भाषांत पुकारतात: मँडरिन, इंग्रजी, तैवानी होक्किएन आणि हाक्का. चारांतली एकही ऑस्ट्रोनेशियन नाही. होक्किएन आणि हाक्का बोलणारे लोक मोठ्या संख्येने इथे आले ते सतराव्या शतकापासून पुढे, आणि मँडरिन सगळ्यांवर आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मूळ रहिवाशांचे सोळा समाज सरकारदरबारी मान्य आहेत, पण लोकसंख्येत त्यांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. शहरात कान उघडे ठेवून हिंडलं तरी त्यांची भाषा क्वचितच ऐकू येते. नावं मात्र जागोजागी आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोरच्या हमरस्त्याला 1996 मध्ये केतागालान हे नाव दिलं गेलं, या खोऱ्यात पूर्वी राहणाऱ्या लोकांचं. वान्हुआ या जुन्या पेठेचं मूळ नाव बांका, म्हणजे होडी. होक्किएन बोलणाऱ्यांनी ते मांका केलं, नंतर इथे राज्य केलेल्या जपान्यांनी तसाच उच्चार होणारी वेगळी चिन्हं त्याला दिली, आणि तीच चिन्हं मँडरिनमध्ये वाचली की वान्हुआ होतं. फिलिपाईन्समध्ये होडीला आजही बांकाच म्हणतात.

इथे एक खुलासा केलेला बरा, कारण माझ्या ओळखीच्या मराठी माणसांचा यात हमखास गोंधळ होतो. आपल्या मेळघाटातली कोरकू ही ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली, मुंडा भाषांपैकी. निकोबारी, ख्मेर, व्हिएतनामी याही त्याच कुळातल्या. ऑस्ट्रोनेशियन कूळ वेगळं. 1906 मध्ये विल्हेल्म श्मिट यांनी ही दोन्ही कुळं फार मागे एक होती असा विचार मांडला होता. तो खरा असता तर मेळघाट आणि तैवान यांचं लांबचं नातं निघालं असतं. पण पुरावा पुरला नाही आणि बहुसंख्य अभ्यासकांनी तो स्वीकारलेला नाही.

मला या विषयात ओढून नेलं ते एका विसंगतीने. या कुळाच्या झाडाचं खोड कुठे आणि फांद्या कुठे, हे ठरवताना कोट्यवधी लोकांच्या मलाय किंवा जावानीजचा शब्द फारसा चालत नाही. चालतो तो अशा भाषांचा, ज्या बोलणारी माणसं एका एसटीत बसतील. आणि ही साक्ष ऐकायलाही जगाने फार उशीर केला.

ओट्टो डेम्पवोल्फ हे मुळात डॉक्टर. जर्मन वसाहतींत मलेरियावर काम करता करता भाषांकडे वळले. 1934 ते 1938 या काळात त्यांचे तीन खंड निघाले आणि या कुळाच्या तौलनिक अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. पण त्या पायात तैवानच्या भाषा नव्हत्या. त्याच सुमाराला, 1935 मध्ये, ओगावा नाओयोशी आणि आसाई एरिन या दोघांनी तैपेईच्या विद्यापीठातर्फे तैवानच्या भाषांमधल्या कथांचा भला मोठा संग्रह छापला, मूळ बोलांसकट. तो जपानीत होता. जर्मनीत एक माणूस पाया रचत होता आणि त्या पायात हवे ते दगड जपानीत छापून तयार होते. दोन्ही कामं एकमेकांना भेटायला काही दशकं जावी लागली.

मधल्या काळात चूकही मोठी झाली. 1965 मध्ये इसिडोर डायन यांनी शेकडो भाषांचे मूलभूत शब्द संगणकाच्या मदतीने ताडून पाहिले. कोणत्या दोन भाषांत किती टक्के शब्द सारखे, यावरून त्यांनी चाळीस शाखा काढल्या. त्यातल्या बहुतेक मेलानेशियात पडल्या, म्हणजे कुळाचं मूळ घर न्यू गिनीच्या आसपास ठरलं. आकडे चोख होते. पण भाषा सगळीकडे सारख्या वेगाने शब्द टाकत नाहीत. मेलानेशियात आधीपासून वेगळ्या कुळांच्या भाषा होत्या, त्यांच्या शेजारात काही भाषांचा शब्दसाठा झपाट्याने पालटला, आणि झपाट्याने पालटलेलं वरवर जुनं दिसलं.

नातं शोधायचं तर सारखे शब्द मोजून भागत नाही, ध्वनींचे नियमित बदल पाहावे लागतात. हे मराठी वाचकाला सांगणं मला इंग्रजी वाचकापेक्षा सोपं वाटतं, कारण आपल्या कानाला त आणि ट वेगळे कळतात, आणि ‘चंद्र’मधला च आणि ‘चूल’मधला च हेही वेगळे कळतात. मलायमध्ये डोळ्याला ‘माता’ म्हणतात, तागालोगमध्ये ‘माता’, माओरीत ‘माता’, हवाईयनमध्ये ‘माका’. सात या आकड्याला तागालोगमध्ये ‘पितो’, माओरीत ‘फितू’, हवाईयनमध्ये ‘हिकू’. डोळ्यातला त आणि सातातला त या भाषांत एकच आहे. हवाईयनमध्ये त चा क झाला तर दोन्हीकडे झाला. आता तैवानच्या दक्षिणेला या. पाइवान भाषेत डोळा म्हणजे ‘माचा’, यातला च चुलीतला. सात म्हणजे ‘पित्यू’. पुयुमा भाषेत डोळा ‘माटा’ आणि सात ‘पितू’. तिकडे जो एक त आहे, तो इकडे दोन वेगळे ध्वनी आहे. आणि हे या दोन शब्दांपुरतं नाही. डोक्यातली ऊ, तीन, असे शब्द घ्या, भेद पुन्हा त्याच रेषेवर पडतो.

म्हणजे मूळ भाषेत ध्वनी दोन होते. तैवानने ते जपले. दक्षिणेला निघालेल्या लोकांच्या बोलीत ते एकमेकांत मिसळले, आणि मिसळलेलं घेऊनच ती मंडळी मादागास्करपर्यंत आणि रापा नुईपर्यंत पोहोचली. एकदा मिसळलेले ध्वनी पुन्हा त्याच शब्दांत, त्याच रेषेवर वेगळे होत नाहीत. म्हणून हे मिसळणं म्हणजे वंशखूण. डेम्पवोल्फ यांच्या भाषांत ही खूण दिसणंच शक्य नव्हतं, कारण त्यांच्याकडे होत्या त्या सगळ्या मिसळल्यानंतरच्या.

गुंता इथेही आहेच. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अमिस आणि कवालान भाषांतही डोळा ‘माता’च. मग दर्यावर गेलेले लोक याच किनाऱ्यावरून गेले का, की तोच बदल दोनदा, स्वतंत्रपणे झाला? ब्लस्ट स्वतंत्र मानत होते. सगळे मानत नाहीत.

माझ्या एका अमिस सहकारिणीने मला हुआलिएनच्या किनाऱ्यावर तिच्या घरी नेलं होतं. तिची आजी अमिस आणि जपानी बोलते, कारण लहानपणी शाळा जपानी राजवटीतली. नात मँडरिन बोलते. अमिस तिला कळते, पण उत्तर मँडरिनमध्येच येतं. आजी अंगणात रानभाजीच्या जुड्या बांधत होती आणि प्रत्येक जुडीबरोबर आकडा म्हणत होती. चेचाय, तोसा, तोलो, सेपात, लिमा, एनेम, पितो, फालो, सिवा, पोलो. मी नातीला म्हटलं, यातले निम्मे आकडे मादागास्करमध्ये उभं राहून म्हटले तर लोकांना ओळखीचे वाटतील. तिथे सहा म्हणजे एनिना, सात फितो, आठ व्हालो, नऊ सिव्ही. तिने आजीला ते अमिसमध्ये सांगायचा प्रयत्न केला. शब्द अपुरे पडले तेव्हा मँडरिन मध्ये आली, मग आजीने जपानीत काहीतरी विचारलं, जे नातीला कळलं नाही. आजीने शेवटी ‘व्हालो’ हा शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि ‘फालो’ असा सुधारून दिला.

या आकड्यांमध्येच कुळातला सगळ्यात चुरशीचा वाद दडलेला आहे.

मध्य तैवानमध्ये पाझेह नावाची भाषा होती. तिचे आकडे असे: इदा, दुसा, तुरु, सुपात, खासेप. इथवर पाच झाले. पुढे खासेबुझा, खासेबिदुसा, खासेबितुरु, खासेबिसुपात, आणि दहा म्हणजे इसित. सात म्हणजे पाच आणि दोन, आठ म्हणजे पाच आणि तीन, नऊ म्हणजे पाच आणि चार. एका हाताची बोटं संपली की दुसऱ्या हातावर जायचं. (‘दुसा’ ऐकून मराठी माणसाला ‘दुसरा’ आठवणारच, मलाही आठवला. तो योगायोग आहे. असे योगायोग कुठल्याही दोन भाषांत सापडतात, म्हणून तर नियमित बदलांचा आग्रह धरावा लागतो.)

2004 मध्ये लोराँ सागार्ट या भाषावैज्ञानिकांनी या आकड्यांवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की पाझेहची मोजण्याची रीतच मूळची. खासेप-इ-दुसा या लांबलचक आकड्याचं जुनं रूप भराभर मोजताना दोन्ही टोकांनी झिजलं. पुढचं ‘खासे’ गेलं, शेवटचं ‘सा’ गेलं, मधे उरलं ते ‘पितू’. अमिस आजीचा पितो, माओरींचा फितू, हवाईचा हिकू हे सगळे त्या झिजलेल्या ‘पाच आणि दोन’चे वंशज. आठ आणि नऊही असेच झिजून आले. आणि पाचासाठी जुन्या शब्दाच्या जागी ‘लिमा’ आला, ज्याचा अर्थ हात.

हे वाचलं तेव्हा मी ते जोरजोरात म्हणून पाहिलं. खासेपितुसा, खासेपितुसा. खरंच पितू उरतं.

सागार्ट यांचा खरा जोर मात्र क्रमावर आहे. हे नवे आकडे तैवानच्या भाषांत कसेही विखुरलेले नाहीत. ज्या भाषेत ‘लिमा’ आहे तिथे ‘पितू’ही आहे, पण ‘पितू’ असलेल्या काही भाषांत पाचासाठी जुनाच शब्द आहे. सूर्य-चंद्र सरोवराकाठच्या थाओ भाषेत पाच आणि सात नव्या वळणाचे, पण सहा ‘तीन-तीन’ असा आणि आठ चारावरून बनवलेला. आणखी पुढच्या भाषांत सहा, आठ, नऊही नवे. म्हणजे एकावर एक थर चढत गेले आणि प्रत्येक थराला एक फांदी फुटली. तसं असेल तर ब्लस्ट यांच्या दहा समान शाखा उरत नाहीत. त्याऐवजी पायऱ्यांचं झाड होतं आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पाझेहसारख्या, ‘पितू’ नसलेल्या भाषा येतात.

ब्लस्ट यांना हे पटलं नव्हतं. आकडे लोक मधेच बदलतात, पाझेहची हातावरची मोजणी नंतरचीही असू शकते, आणि शब्दाची अशी दोन्हीकडून झीज कुठल्या नियमात बसत नाही, हे आक्षेप हलके नाहीत. माल्कम रॉस यांनी 2009 मध्ये क्रियापदांच्या प्रत्ययांवरून तिसरंच झाड मांडलं, ज्यात पुयुमा, रुकाई आणि त्सोऊ या तीन भाषा आधी वेगळ्या होतात आणि बाकी सगळं कूळ, अगदी मलाय-माओरीसकट, चौथ्या शाखेत. तीन जाणकार, तीन झाडं. माझा कौल सागार्ट यांच्याकडे झुकतो, कारण झीज अनियमित असू शकेल, पण तो क्रम योगायोगाने लागणं मला अवघड वाटतं. तरी थाओचा हजाराहून जास्त पानांचा शब्दकोश एकहाती लिहिणाऱ्या ब्लस्ट यांचा शब्द सहज बाजूला सारावा असाही नाही. तो शब्दकोश 2003 मध्ये आला तेव्हा थाओ अस्खलित बोलणारी माणसं अगदी मोजकी उरली होती. आधी 1930 च्या दशकात जपान्यांच्या वीजप्रकल्पाने सरोवराचं पाणी चढलं आणि त्यांना घरं सोडावी लागली. 1999 च्या भूकंपाचा केंद्रबिंदूही तिथून जवळच होता.

पाझेह अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, पान चिन-यू, 2010 मध्ये वयाच्या 96 व्या वर्षी गेल्या. पुली गावाजवळ राहायच्या. उतारवयात त्या पाझेहचे वर्ग घ्यायच्या. पॉल ली आणि त्सुचिदा शिगेरू यांचा पाझेह शब्दकोश 2001 मध्ये निघाला, पाठोपाठ गाणी आणि कथांचा खंड. हे काम पंधरा वर्षं लांबलं असतं तर? सागार्ट यांना खासेबिदुसा जुन्या याद्यांतून मिळालाही असता कदाचित, पण भाषा म्हणून पाझेह कशी चालते, क्रियापद कसं वळतं, हे विचारायला माणूस उरला नसता. पाझेहविषयी प्रश्न विचारणाऱ्याला दार ठोठावता येईल असं ते एकच घर होतं.

वर्गीकरण राज्यकर्त्यांनीही केलं, पण त्यांचा हेतू निराळा. चीनच्या छिंग राजवटीने इथल्या लोकांचे ‘कच्चे’ आणि ‘शिजलेले’ असे दोन भाग पाडले. कर भरणारे, अमलाखाली आलेले ते शिजलेले. जपान्यांनी जमातींच्या याद्या केल्या आणि त्या याद्यांची छाया अजून आहे. कानाकानावू आणि सारुआ हे दोन समाज 2014 पर्यंत कागदोपत्री त्सोऊ म्हणून गणले जात, भाषा एकमेकींना कळत नसतानाही. उलट त्रुकु आणि सीदिक यांची बोली इतकी जवळची की भाषावैज्ञानिक एकच भाषा धरतात, पण 2004 आणि 2008 मध्ये ते दोन समाज म्हणून मान्य झाले, कारण त्यांना तसं हवं होतं. साकिझाया लोकांनी तर 1878 मध्ये छिंग सैन्याकडून मार खाल्ल्यावर अमिस वस्त्यांत स्वतःला लपवलं आणि 2007 मध्ये स्वतंत्र समाज म्हणून पुन्हा नाव नोंदवलं. या मागणीला मी भाषाशास्त्राच्या फूटपट्टीने मोजणार नाही. भाषा कोणत्या शाखेची हा प्रश्न ध्वनींना विचारायचा असतो, आपण कोण हा माणसांना.

नैर्ऋत्येला तैनानच्या आसपास सिराया लोक आहेत. 1624 ते 1662 इथे डच होते, आणि डच धर्मोपदेशकांनी सिराया भाषा रोमन लिपीत बसवली. दानियल ग्रावियुस यांचं मॅथ्यूचं शुभवर्तमान 1661 मध्ये छापलं गेलं, एका रकान्यात डच, शेजारी सिराया. डच गेले, लिपी राहिली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं सिराया लोक जमिनीची खतं त्याच लिपीत लिहीत होते. मग भाषा गेली. आज तैनानमध्ये त्या समाजातली माणसं ग्रावियुस यांच्या रकान्यांवरून ती पुन्हा उभी करत आहेत. त्यांच्यात विवाहाने आलेले फिलिपाईन्सचे एक संगीतकार आहेत. त्यांची मातृभाषा बिसाया. जुना सिराया मजकूर वाचताना त्यांना ओळखीचे शब्द दिसले, आणि त्यांनीच 2008 मध्ये सिराया शब्दसंग्रह छापला. दहाव्या घरातला माणूस चार हजार वर्षांनी परत आला आणि वाड्यातली कागदपत्रं वाचायला बसला. सोळांच्या यादीत सिराया नाहीत. 2022 मध्ये तैवानच्या घटना न्यायालयाने मात्र निकाल दिला, की सपाटीवरच्या अशा समाजांना वगळणारा कायदा घटनेला धरून नाही.

तैपेईला चिकटलेल्या बानच्याओ आणि चुंगहे या उपनगरांच्या बाजूला लुइलांग नावाची भाषा होती. तिची सामग्री म्हणजे जपानी काळात टिपलेले थोडेसे शब्द. व्याकरण नाही, एखादी कथाही नाही. पण त्या शब्दांत आकडे आहेत, आणि त्यातला सात ‘पितू’ नाही. तेवढ्यावर सागार्ट यांनी लुइलांगला पाझेह आणि तशीच ‘पितू’ नसलेली सैसियात भाषा यांच्या बरोबरीने झाडाच्या अगदी बुंध्याशी बसवलं आहे. ज्याने ते आकडे विचारले त्याला बुंधा, फांदी, शाखा यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने एक ते दहा म्हणायला सांगितलं, समोरच्याने आठवून म्हटले, आणि याने ते लिहून घेतले.